घरचे इंटरनेट फक्त लॅपटॉपवर चालत नसेल, तर दोष कुठे शोधावा

परीक्षेचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असावा किंवा कार्यालयाची बैठक सुरू होण्याच्या बेतात असावी आणि नेमका त्याच वेळी लॅपटॉपने 'नो इंटरनेट' असा संदेश दाखवावा, तर घाबरून एकामागून एक सेटिंग बदलत जाण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण अशा घाईत मूळ दोष तसाच राहतो आणि नव्या दोषांची त्यात भर पडते. इंटरनेट लॅपटॉपपर्यंत तीन टप्प्यांतून येते: कंपनीच्या लाइनपासून राउटरपर्यंत, राउटरपासून लॅपटॉपपर्यंत आणि शेवटी लॅपटॉपच्या आतल्या व्यवस्थेपर्यंत. यांपैकी कोणता टप्पा तुटला आहे हे कळेपर्यंत कशालाही हात लावू नये.

पहिली चाचणी मोबाइलवर करावी. मोबाइलचा डेटा बंद करून त्याला केवळ घरच्या वाय-फायवर ठेवावे आणि एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. डेटा बंद करणे आवश्यक आहे, कारण वाय-फायवर इंटरनेट मिळत नसले तर बरेच मोबाइल गुपचूप डेटाकडे वळतात आणि सारे ठीक असल्याचा चुकीचा समज होतो.

मोबाइलवरही इंटरनेट नसेल, तर लॅपटॉप निर्दोष आहे असे समजून आधी प्लॅनची मुदत संपली आहे का ते पाहावे आणि मग राउटरच्या दिव्यांकडे वळावे. फायबरच्या जोडणीत 'पॉन' हा दिवा स्थिर हिरवा असायला हवा. 'लॉस' हा दिवा लाल दिसत असेल, तर प्रकाशाचा संकेत घरापर्यंत पोहोचत नाही; अशा वेळी तक्रार नोंदवण्याखेरीज घरून करण्यासारखे फारसे काही नसते. फायबरची बारीक वायर कपाटामागे दुमडली गेली आहे का, एवढे मात्र जरूर पाहावे. ती उपसून तिच्या टोकात डोकावू नये, कारण त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नसला तरी डोळ्यांना अपाय करू शकतो. दिवे ठीक असतील, तर राउटरचा वीजपुरवठा मिनिटभर बंद ठेवून पुन्हा सुरू करावा आणि त्याला पूर्ण चालू होण्यासाठी काही मिनिटे द्यावीत.

मोबाइल चालतो आणि लॅपटॉप चालत नाही, असे ठरले की शोध बराच सोपा होतो. एअरप्लेन मोड चुकून सुरू झाला आहे का ते पाहावे. काही लॅपटॉपांवर वाय-फाय बंद-चालू करणारी कळ वरच्या ओळीत असते, तर जुन्या लॅपटॉपांच्या कडेला यासाठी छोटे बटणही असे. त्यानंतर 'रीस्टार्ट' करावे. विंडोज १० आणि ११ मध्ये 'शट डाउन' केल्यावर 'फास्ट स्टार्टअप'मुळे प्रणालीचा काही भाग जपून ठेवला जातो, त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर, म्हणजे वाय-फाय कार्डासारखा भाग चालवणारे सॉफ्टवेअर, नुसत्या बंद-चालू करण्याने सुटेलच असे नाही. 'रीस्टार्ट'मध्ये तो नव्याने सुरू होतो.

इतर वाय-फायची नावे दिसतात, पण आपल्याच घरचे दिसत नाही, असे असेल तर राउटर केवळ ५ गिगाहर्ट्झवर चालत असण्याची शक्यता तपासावी. जुने किंवा स्वस्त लॅपटॉप अनेकदा २.४ गिगाहर्ट्झच ओळखतात, म्हणून राउटरमध्ये तो पट्टाही सुरू असावा. नाव दिसते पण जोडणी होत नाही, अशा वेळी जतन केलेल्या नेटवर्कवर 'फरगेट' निवडून पासवर्ड पुन्हा टाकावा. राउटर बदलून नाव जुनेच ठेवले असेल, तर लॅपटॉप जुन्याच पासवर्डने जोडण्याचा प्रयत्न करत राहतो.

सर्वांत जास्त गोंधळ उडतो तो वाय-फाय जोडलेले दिसत असून इंटरनेट नसते तेव्हा, आणि इथेच थोडा धीर धरला तर दोष नेमका सापडतो. विंडोजमधली आज्ञा टाइप करण्याची खिडकी, म्हणजे 'कमांड प्रॉम्प्ट', उघडून 'आयपीकॉन्फिग' हा शब्द रोमन अक्षरांत सलग टाइप करावा. 'आयपीव्ही४' या लॅपटॉपच्या नेटवर्कवरच्या पत्त्यासमोर १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा दिसला, तर बहुतेक घरांत राउटरने पत्ता दिला आहे असे समजावे. तिथे १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा असेल, तर राउटरकडून पत्ता न मिळाल्याने लॅपटॉपने तो स्वतःच ठरवला आहे. अशा वेळी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'आयपी असाइनमेंट' हे 'ऑटोमॅटिक' आहे का ते पाहावे. पत्ता स्वतःचा स्वतः लिहून ठेवलेला असेल, विशेषतः कार्यालयाच्या लॅपटॉपवर, तर तो घरच्या राउटरशी जुळत नाही.

पत्ता ठीक असेल, तर समोरून उत्तर येते का ते पाहणारी 'पिंग' ही आज्ञा तीन वेळा वापरावी: आधी 'डीफॉल्ट गेटवे' म्हणून दिसणाऱ्या राउटरच्या पत्त्यावर, मग ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरच्या पत्त्यावर आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावावर. राउटरकडूनच उत्तर आले नाही, तर अडचण वाय-फायच्या जोडणीत आहे. राउटर उत्तर देतो पण ८.८.८.८ देत नाही, तर व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी जोडणी) किंवा अँटीव्हायरसची फायरवॉल क्षणभर बंद करून पाहावी आणि राउटरमध्ये या लॅपटॉपवर बंदी तर घातलेली नाही ना, याची खात्री करावी. आकड्यावर उत्तर येते आणि नावावर येत नाही, तर दोष नावाचा पत्ता शोधणाऱ्या डीएनएसमध्ये आहे, नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकल्यास काम होते. तिन्ही उत्तरे नीट आली आणि तरी ब्राउझर उघडत नसेल, तर प्रॉक्सी (ब्राउझरला मधल्या सर्व्हरमार्फत जोडणारे) सेटिंग आणि लॅपटॉपची तारीख तपासावी. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ग्राह्य धरली जात नाहीत. ती वारंवार चुकत असेल, तर मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपत आली असावी.

वाय-फायचे चिन्हच गायब झाले असेल, तर लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा आणि पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. उरलेला विद्युतभार निघून गेल्यावर अडकलेले वाय-फाय कार्ड कधी कधी पुन्हा दिसू लागते. त्याने भागले नाही, तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये कार्ड शोधून ड्रायव्हर काढून टाकावा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करावा. नवा ड्रायव्हर उतरवण्यासाठी इंटरनेट लागतेच. त्यासाठी मोबाइल यूएसबी केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' सुरू करावे, म्हणजे मोबाइलचे इंटरनेट लॅपटॉपला मिळते. ही सोय फार थोड्या लोकांना माहीत असते, पण अडचणीच्या वेळी तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही.

'नेटवर्क रीसेट' हा पर्याय मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण त्याने जतन केलेले वाय-फाय पासवर्ड आणि व्हीपीएनच्या जोडण्या पुसल्या जातात. तो वापरण्यापूर्वी राउटरखाली चिकटवलेल्या लेबलवरचा पासवर्ड आधी लिहून घ्यावा. त्यानंतरही जोडणी झाली नाही, तर लॅनची केबल किंवा उसना आणलेला यूएसबी वाय-फाय अ‍ॅडॅप्टर लावून पाहावा. त्यावर इंटरनेट व्यवस्थित चालले, तर आतले वाय-फाय कार्ड खराब झाले आहे असे मानायला हरकत नाही, आणि दुरुस्तीच्या दुकानात गेल्यावर केवळ तेवढेच बदलून मागावे.