लाइट गेल्यावर आणि आल्यावर गावाने टाळायच्या चुका

मे महिन्यातल्या वादळी पावसाने लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातले विजेचे खांब आडवे केले की दोन-तीन दिवस लाइट येत नाही, हे आमच्याकडे कोणालाच नवे राहिलेले नाही. गावच्या पाणीपुरवठा समितीत मी बरीच वर्षे काम करतो आहे आणि दर वेळी त्याच चुकांवरून तीच भांडणे होताना पाहून जिवाला लागते. अंधार माणसे निभावून नेतात. पण लाइट कधी येणार आणि पाणी आधी कोणाच्या गल्लीला मिळणार हे कोणी सांगत नाही, तेव्हा शेजारी शेजाऱ्यावर संशय घेऊ लागतो.

सर्वांत महागात पडणारी चूक लाइट परत आल्याच्या क्षणी होते. शेतातल्या मोटारींना ऑटोस्विच बसवलेले असतात, त्यामुळे पुरवठा येताच साऱ्या मोटारी एकदम सुरू होतात, आणि चालू होताना प्रत्येक मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. आमच्या गावची नळयोजनेची विहीर ज्या डीपीवर (म्हणजे रोहित्रावर, ट्रान्सफॉर्मरवर) आहे, त्याच डीपीवर शेतीच्या बावीस मोटारी आहेत. काही वर्षांपूर्वी अशाच वादळानंतर तिथला फ्यूज दोनदा उडाला. वायरमन येईपर्यंत थांबायचे सोडून एका तरुणाने किटकॅटमध्ये (फ्यूजची बारीक तार बसवायच्या ठोकळ्यात) जाड तांब्याची तार गुंडाळली आणि आता काही उडत नाही, असे सगळ्यांना सांगितले. त्या रात्री पुन्हा लाइट आली, बावीस मोटारींनी एकाच वेळी ओढ घेतली आणि फ्यूज उडून जे थांबायला हवे होते ते रोहित्रापर्यंत गेले. सकाळी पाहिले तर डीपीच्या खांबावरून काळे तेल ओघळून खालच्या गवतात साचले होते. नवे रोहित्र येईपर्यंत पाच दिवस गेले. तोवर टँकरपाशी दोन गल्ल्यांमध्ये घागरी फेकण्यापर्यंत वेळ आली, आणि ज्याने तार घातली त्याच्या आईला रांगेत कोणी उभे राहू देईना. त्या माउलीचा यात काहीही दोष नव्हता.

तेव्हापासून मी माझ्या मोटारीचा ऑटोस्विच काढून टाकला आहे आणि दर उन्हाळ्यात घरोघर जाऊन इतरांनाही तेच विनवतो. लाइट आली की पहिला अर्धा तास फक्त नळयोजनेची मोटार चालते, त्यानंतर शेतीच्या मोटारी सात-आठच्या गटाने सुरू होतात. कोणता गट कधी, हे एका वहीत लिहिलेले असते. ३० जुलै २०१२ रोजी देशाचे उत्तर ग्रीड (वीज वाहून नेणारे जाळे) कोसळले आणि दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य ही तिन्ही ग्रीड बंद पडून साठ कोटींहून अधिक लोकांचा पुरवठा गेला. आपण पश्चिम ग्रीडमध्ये असल्याने वाचलो. ती ग्रीड पुन्हा उभी करतानाही भार टप्प्याटप्प्यानेच चढवावा लागला. एवढ्या मोठ्या यंत्रणेला जो धीर धरावा लागतो, तो गावाला अर्धा तास धरता येऊ नये, हे मला पटत नाही.

दुसरी चूक पाण्याची. टाकीत किती पाणी उरले आहे हे लपवले तर लोक घाबरणार नाहीत, असे काही पदाधिकाऱ्यांना वाटते, आणि नेमके याच समजुतीने गोंधळ वाढतो. २०१६ च्या मार्चमध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण जवळून पाहिले आहे. लाइट जाताच मी टाकीची पातळी पाहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहितो, खाली गल्ल्यांचा क्रम लिहितो आणि माझी स्वतःची गल्ली शेवटी ठेवतो. टँकर आला तर घागरींवरही खडूने नंबर घालतो. मग माणूस उन्हात उभा न राहता झाडाखाली बसतो आणि त्याची घागर रांगेत राहते.

तक्रार सगळ्यांनी मिळून वायरमनला फोन करून देऊ नये. खांबावर चढलेल्या माणसाच्या खिशात चाळीस फोन वाजत असतील, तर त्याचे लक्ष तारेवर कसे राहील? एकाने १९१२ वर तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक फळ्यावर लिहावा.

चेंजओव्हर स्विच (बाहेरची लाइन तोडून घर जनरेटरवर घेणारा स्विच) नसताना जनरेटर घराच्या वायरिंगला जोडू नये. त्याचा करंट उलटा तारेत जातो आणि वर काम करणाऱ्याचा जीव जातो. तुटून पडलेली तार काठीनेही सरकवू नये. कडब्याच्या गंजीजवळ मेणबत्ती किंवा चिमणी नेऊ नये. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ‘आठ दिवस लाइट नाही’ अशी बातमी विजेच्या उपकेंद्रात विचारल्याशिवाय पुढे पाठवू नये.

ज्या घरात इन्सुलिन घेणारे कोणी आहे किंवा ऑक्सिजनच्या यंत्रावर कोणी आहे, त्या घरांची यादी आशाताईंकडून (गावच्या आशा स्वयंसेविकेकडून) उन्हाळ्याआधीच घेऊन ठेवावी. इन्सुलिनची बाटली कोरड्या डब्यात घट्ट बंद करून तो डबा ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या रिकाम्या माठात, सावलीत ठेवावा. ऑक्सिजनच्या रुग्णाला मात्र लाइट येण्याची वाट पाहत घरी ठेवू नये. त्याच्यासाठी कोणाची जीप जाईल आणि ती कोण चालवील, ही दोन नावे आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आहेत.