जोडीने लांबच्या प्रवासासाठी मोटारसायकल निवडताना

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट पत्नीसह चढायचा असेल, तर मोटारसायकल घेताना इंजिनाच्या ताकदीपेक्षा मागच्या आसनाकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे ठाम मत आहे. चाचणीला त्यांना सोबत न्यावे. गुडघे फार दुमडतात का, धरायला मजबूत दांडी आहे का, हे अर्धा तास बसल्यावरच कळते. उदाहरणार्थ, रॉयल एनफिल्डच्या सुपर मिटिऑर ६५० या मोटारसायकलचे वजन २४१ किलो आहे, आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या निसरड्या पांदण रस्त्यावर एवढी गाडी दोघांसह तोलायची, तर चालकाचे दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकलेच पाहिजेत. मागच्या शॉकअपचा ताण वाढवता येतो का, हेही विचारावे. अन्यथा सामान लादल्यावर मागची बाजू दबून हेडलाइटचा झोत वर जातो. हेल्मेट मात्र दोघांनाही हवे.