सिटी कौन्सिलकडून ठराव करून घ्यायचा असेल तर

कंपन्यांना अमेरिकेच्या घटनेचे हक्क नकोत, असा ठराव आमच्या शहराच्या कौन्सिलने केल्यापासून मंडळात कोणी ना कोणी विचारतंच, "आमच्याकडे करायचा तर सुरुवात कुठून करू?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते. मी कॅलिफोर्नियात राहते, म्हणून सभेचे नियम इथले सांगणार. इतर राज्यांत मुदती आणि नावं बदलतील, चाल साधारण हीच.

आधी मागणी पक्की करा. बहुतेक जण 'सिटिझन्स युनायटेड' म्हणतात आणि तिथेच थांबतात. सुप्रीम कोर्टाचा २१ जानेवारी २०१०चा तो निकाल ५ विरुद्ध ४ असा लागला आणि कंपन्यांना व युनियननाही निवडणुकीत स्वतंत्रपणे हवा तेवढा पैसा ओतायची मोकळीक मिळाली. पण हे दुखणं त्याहून बरंच जुनं आहे. १८८६ साली सँटा क्लारा काउंटी विरुद्ध सदर्न पॅसिफिक रेलरोड हा खटला झाला. कंपनी म्हणजे घटनेच्या चौदाव्या, सर्वांना कायद्याचं समान संरक्षण देणाऱ्या दुरुस्तीतली 'व्यक्ती', असं त्या निकालपत्रात कुठेच ठरवलेलं नाही. निकाल छापणाऱ्या रिपोर्टरने वर जोडलेल्या टिपणात सरन्यायाधीशांचं तोंडी विधान आलं, आणि पुढच्या कोर्टांनी तेच प्रमाण मानलं! १९७६च्या बकली खटल्यात निवडणुकीतला खर्च अभिव्यक्तीच्या हक्काखाली आला. १९७८ साली बार्लोज नावाच्या कंपनीने कामगार सुरक्षेच्या निरीक्षकाला दारातून परत पाठवलं, आणि मालकाची संमती नसेल तर तपासणीला वॉरंट लागेल, असं सुप्रीम कोर्टाने ठरवलं. म्हणजे झडतीपासून संरक्षणाचा घटनेतला हक्क कंपनीच्याही कामी आला.

म्हणजे ठराव फक्त निवडणुकीच्या पैशापुरता केलात तर यातलं बरंचसं जागच्या जागी राहतं. घटनेचे हक्क फक्त हाडामांसाच्या माणसांचे, आणि पैसा खर्च करणं म्हणजे बोलणं नव्हे, या दोन्ही गोष्टी ठरावात हव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. 'मूव्ह टू अमेंड' ही संघटना ज्या घटनादुरुस्तीसाठी झटते आणि जी प्रमिला जयपाल २०१९पासून प्रतिनिधिगृहात मांडत आल्या आहेत, त्या 'वी द पीपल' दुरुस्तीत हे दोन्ही आहे. नमुन्याचा ठरावही या संघटनेकडे मिळतो. तो घ्या, पण जसाच्या तसा देऊ नका. ठरावात आधी कारणं सांगणारी 'ज्याअर्थी'ची वाक्यं असतात, त्यांत दोन-तीन तुमच्या शहराची घाला.

आता खरं काम. मांडायला एक कौन्सिल मेंबर हवा, आणि शक्य तर अनुमोदनाला दुसराही आधीच बघून ठेवा. भेटायला गेलात की पहिलं वाक्य ठरलेलं: "हा वॉशिंग्टनचा विषय आहे हो, आम्ही इथे खड्डे बुजवतो." इथे लोकशाहीवर व्याख्यान सुरू केलंत तर संपलं. कौन्सिलच्या स्वतःच्या अधिकारावर बोला. सॅन फ्रान्सिस्कोने २०१५ साली नियम केला की गोड सोड्याच्या जाहिरातींवर आरोग्याचा इशारा छापायचा, जाहिरातीच्या २० टक्के जागेत. पेय कंपन्यांची संघटना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क घेऊन कोर्टात गेली आणि २०१९ साली नवव्या सर्किटच्या केंद्रीय अपील कोर्टाने तो नियम रोखला. त्याआधी याच शहराने २०१० साली मोबाइलच्या रेडिएशनची माहिती दुकानात लावण्याचा नियम केला होता. त्यावरही दावा लागला आणि २०१३ साली शहराने तो नियम सोडून दिला. हे सांगून विचारायचं, "उद्या तुम्ही असं काही केलंत आणि कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं, तर आपल्या शहराला झेपेल का?" आमच्या मेंबरबाई इथे पहिल्यांदा वहीत काहीतरी लिहायला लागल्या.

दुसरा अडसर सिटी अटर्नीचा, म्हणजे शहराच्या वकिलाचा. त्याला आधीच सांगून ठेवा की हा ठराव आहे, कायदा नाही. कोणावर बंधन नाही, खर्च नाही, दावा लावण्यासारखं काही नाही. स्थानिक कायद्याचा हट्ट सुरुवातीला धरू नका. हम्बोल्ट काउंटीत २००६ साली मतदारांनी 'मेझर टी' मंजूर करून बाहेरच्या कंपन्यांना स्थानिक निवडणुकीत पैसे द्यायला बंदी केली. दावा लागला आणि काउंटीने माघार घेतली. अटर्नीला हे चांगलं आठवत असतं.

ठराव एका पानात बसवा. शेवटच्या 'त्याअर्थी'त, म्हणजे काय ठरलं ते सांगणाऱ्या भागात, एक वाक्य विसरू नका: प्रमाणित प्रत सिटी क्लार्कने (शहराचं दफ्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने) आपल्या काँग्रेस प्रतिनिधीला, दोन्ही सिनेटरना आणि राज्याच्या आमदारांना पाठवावी. हे नसेल तर ठराव फाइलमध्ये गाडला जातो.

विषय कुठे घेतात तेही बघा. 'कन्सेंट कॅलेंडर'मध्ये गेला तर इतर किरकोळ विषयांबरोबर एका मतात मंजूर होतो, चर्चा शून्य. मेंबरना ते सोयीचं, मला पटत नाही. चर्चा झाली तर बातमी होते, आणि विरोध करणाऱ्यालाही कारण सांगावं लागतं.

इथल्या ब्राउन अॅक्टप्रमाणे (सभा लोकांना खुल्या ठेवण्याचा राज्याचा कायदा) नेहमीच्या सभेचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो, आणि अजेंड्यावर नसलेल्या विषयावर, अपवाद सोडले तर, मतदान होत नाही. पण अजेंड्याबाहेरच्या विषयावर तुम्ही बोलू मात्र शकता. म्हणून आधीच्या काही सभांना पब्लिक कॉमेंटमध्ये, म्हणजे लोकांना बोलायला दिलेल्या वेळात, एकेक जण उभा करा. वेळ बहुधा दोन-तीन मिनिटं मिळतो. घड्याळ लावून सराव करा, आपल्याकडे प्रस्तावनेतच तीन मिनिटं जातात.

आपल्या लोकांचा हमखास प्रश्न: "मी एच-वनवर (कामाच्या व्हिसावर) आहे, चालेल का?" बोलायला चालतं, त्यासाठी नागरिकत्व लागत नाही. मतपत्रिकेवर प्रश्न आणण्यासाठी सह्या गोळा होत असतील तर मात्र सही करू नका, ती नोंदणीकृत मतदारांचीच लागते. उमेदवाराला पैसे तर अजिबात देऊ नका, कायद्याने बंदी आहे. ग्रीन कार्डवाल्यांना देणगी देता येते, मत देता येत नाही. एच-वनवाल्या इंजिनियरने उमेदवाराला एक डॉलर द्यायचा नाही आणि त्याच्या कंपनीने प्रचारावर लाखो उधळायचे, हा विरोधाभास तुमच्या तीन मिनिटांत जरूर वापरा.

आणखी एक सोय फारशी कोणाला माहीत नसते. दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला कॅलिफोर्नियात किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो. माझ्या सासूबाई मराठीत बोलल्या आणि नातीने भाषांतर केलं. त्या म्हणाल्या, "नागरिक व्हायला मी या वयात शंभर प्रश्न पाठ केले, हात वर करून शपथ घेतली. या कंपनीची परीक्षा कोणी घेतली?" नातीने इंग्रजीत सांगेपर्यंत सभागृह गप्प, आणि मग मेयरसकट सगळे हसले. आम्ही आकडे घेऊन गेलो होतो, ते कोणाला आठवत नाहीत.

तरी आकडे जवळ ठेवाच. लॉस एंजेलिसच्या कौन्सिलने डिसेंबर २०११मध्ये ठराव एकमताने केला. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या मतदारांनी त्याच वर्षी ८४ टक्क्यांनी कौल दिला. पण मेंबर रिपब्लिकन असेल तर मोंटाना सांगा. २०१२ साली अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन रॉम्नींना जिंकवणाऱ्या त्या राज्यात त्याच मतपत्रिकेवर जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांनी हीच मागणी उचलून धरली.

विरोधातला एक मुद्दा हलक्यात घेऊ नका: "मग तुमच्या मंडळाचे, देवळाचे, वर्तमानपत्रांचे हक्क जातील." आपलं मंडळही कागदोपत्री कॉर्पोरेशनच आहे. करार करणं, बँकेत खातं काढणं, हॉल भाड्याने घेणं हे राज्याच्या कायद्याने मिळतं, ते राहील. बोलण्याचा, एकत्र येण्याचा हक्क सभासदांचा, तोही राहील. वृत्तस्वातंत्र्यालाही धक्का लागू नये, असं मला वाटतं. तरीही एसीएलयूसारखी नागरी हक्कांची संघटना सिटिझन्स युनायटेड फिरवण्यासाठी घटनादुरुस्ती नको म्हणते. समोरचा ते काढणार हे धरून चला आणि उत्तर तयार ठेवा. मंडळाच्या नावाने पाठिंबा द्यायचा असेल तर ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय, संस्थेला ठरावासाठी खटपट करणं म्हणजे लॉबिंग. थोड्या प्रमाणात चालतं. उमेदवाराचा प्रचार मुळीच चालत नाही. त्यापेक्षा प्रत्येकाने स्वतःच्या नावाने बोलावं, कटकट नाही.

कौन्सिलने नाहीच म्हटलं तर सल्लावजा प्रश्न मतपत्रिकेवर घालता येतो का, ते सिटी क्लार्कला विचारा. कॅलिफोर्नियात सिटिझन्स युनायटेड फिरवण्याबद्दलचं २०१६चं प्रपोझिशन ५९ तसंच होतं, जेमतेम ५३ टक्क्यांनी मंजूर झालं.

ठराव झाला की "याने काय होणार?" म्हणणारे भेटतील. घटनादुरुस्तीला काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि मग ३८ राज्यांची मंजुरी, हे गणित त्यांना आणि आपल्यालाही माहीत आहे. वाद घालत बसू नका. प्रत मिळाली की प्रतिनिधीच्या जिल्हा कार्यालयात स्वतः नेऊन द्या, आणि दुसरी प्रत घेऊन शेजारच्या शहराच्या मेंबरची वेळ मागा. "आजूबाजूला कोणी केलाय का?" हे तो विचारणारच.