मातीचा कस परत आणायचा, तर ताग वेळेवर कापा

ठाण्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि मातीतला विरघळणारा नत्र (नायट्रोजन) आपल्याबरोबर खाली घेऊन जातो. त्यातच सलग दोन-तीन वर्षे वांगी, टोमॅटो, मिरची घेतलेली असली की माती घट्ट होते, पाणी वरच्या वर साचते आणि रोपे हातभर वाढून थांबतात. अशा वेळी ‘जुनी माती फेका, लाल मातीच्या चार गोण्या आणा’ हा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये, कारण गोणीतल्या लाल मातीतही सेंद्रिय अंश बेताचाच असतो आणि पुढच्या वर्षी आपण पुन्हा तिथेच उभे असतो. नारळाच्या भुश्याने माती भुसभुशीत होते, तिचे पोट भरत नाही. त्यापेक्षा पावसाळ्यात वाफा रिकामा न ठेवता त्यात ताग, म्हणजे हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींत बांधणारे हिरवळीच्या खताचे पीक, पेरून तो तिथेच गाडावा.

मृगाचा पहिला पाऊस झाला की वाफा उकरून बी फेकावे आणि हलकी माती ओढावी. शेतात हेक्टरी ५० ते ६० किलो, म्हणजे चौरस मीटरला ५-६ ग्रॅम बी लागते. घरच्या वाफ्यात मी ८-१० ग्रॅम टाकते. खोल क्रेटमध्येही हे जमते. वाशी-नेरूळकडे खाडीलगतच्या भरावाच्या जमिनीत पाणी साचत असेल किंवा खारटपणा असेल, तर तागाऐवजी धैंचा हे तसेच हिरवळीचे पीक घ्यावे. ते दोन्ही सोसते, तागाला मात्र तुंबलेले पाणी चालत नाही. महिन्याभराने एखादे झाड उपटून मुळांवरची गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी-लाल रंग दिसला की हवेतला नत्र बांधला जात आहे, असे समजावे.

आता खरी अडचण. ताग कधी कापायचा, हे मला पहिल्या वर्षी कळले नाही. पिवळी फुले इतकी सुरेख आली की काही दिवस पाहू म्हणत मी ऑगस्टच्या अखेरीपर्यंत थांबले. ज्या तागाचे दोर वळतात, तो आपल्या बागेत निबर झाल्यावर वेगळा कसा वागेल? खोडे कात्रीला दाद देईनात, तरी मी ती तशीच गाडली आणि आठवड्याभरात वर वांग्याची रोपे लावली. ती पिवळी पडली. शेजारच्या काकांनी युरिया सुचवला, पण दोष खताचा नव्हता. निबर खोडात कर्ब (कार्बन) फार आणि नत्र कमी असतो, म्हणून ते कुजवणारे जिवाणू लागणारा नत्र आसपासच्या मातीतून उचलतात आणि रोपांच्या वाट्याला काही उरत नाही.

म्हणून पेरणीनंतर ४० ते ४५ दिवसांनी, कळ्या दिसू लागताच आणि खोड नखाने सहज दबत असतानाच ताग कापावा. बी भरण्याची वाट तर मुळीच पाहू नये. कापलेला ताग दोन-तीन इंचांचे तुकडे करून एक दिवस छपराखाली सुकू द्यावा आणि पावसाची उघडीप साधून चार ते सहा इंच खोल मिसळावा. जुलैच्या संततधारेत चिखलात गाडला, तर त्याला हवा मिळत नाही, तो कुजण्याऐवजी सडतो आणि मातीला नासक्या अंड्यांचा वास येतो. तसा वास आलाच, तर माती उलटून दोन दिवस मोकळी ठेवावी.

त्यानंतर किमान तीन आठवडे काहीही लावू नये. कोणी दहा दिवस पुरतात म्हणाले, तरी घाई करू नये, कारण कोवळी मुळे कुजत्या पाल्याच्या उष्णतेत आणि आम्लात होरपळतात. तीन आठवड्यांनी मूठभर माती उचलून वास घ्यावा. पहिल्या पावसासारखा आला आणि तुकडे ओळखू येईनासे झाले, तर कोपऱ्यात थोडी मेथी पेरावी. ती चार-पाच दिवसांत उगवून आठवडाभर हिरवी राहिली, तर चौरस मीटरला दोन किलो पूर्ण कुजलेले शेणखत घालून गणपतीच्या सुमारास वांग्या-मिरचीची रोपे लावावीत आणि वर वाळक्या पाल्याचे दोन इंच आच्छादन पसरावे.