निवेदन द्यायला निघताय? दुसरी प्रत घेतली का?

गेल्या वेळच्या नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आपण दिलेलं निवेदन सरकारदरबारी कुठेच नाही. बंदुकांवर कडक निर्बंध आणा म्हणून दोन महिने सह्या गोळा केल्या, यशवंत स्टेडियमपासून घसा बसेस्तोवर घोषणा दिल्या. फेब्रुवारीत मी चौकशीला गेलो तर टेबलावरच्या बाईंनी चष्मा कपाळावर सारून विचारलं, "भाऊ, पोच आहे का?" नव्हती. एकच प्रत नेली होती. ती साहेबांच्या हातात देतानाचा फोटो काढला आणि खुशीत तर्री-पोहे खायला गेलो. तो फोटो दाखवला तर म्हणाल्या, "यावर आवक क्रमांक कुठाय?" म्हणजे आलेल्या कागदांच्या नोंदवहीतला नंबर. काय बोलणार! चूक माझी होती, म्हणून यंदाची यादी मीच लिहितोय.

तर पहिलं काम: प्रत्येक निवेदनाच्या दोन प्रती. तीन ठिकाणी द्यायचं असेल तर सहा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक. नुसता शिक्का मारून परत देतात, तेव्हा लाजायचं नाही, आकडा टाकून मागायचा. साहेबांनी हसून निवेदन घेतलं म्हणजे ते आवकात चढलं असं होत नाही.

मग मजकूर. आपण राज्य सरकारला 'शस्त्र कायदा बदला' असं लिहिलं होतं. वाचणाऱ्याने कपाळाला हात लावला असेल. शस्त्रं आणि दारूगोळा हा विषय राज्यघटनेच्या केंद्र सूचीत आहे, १९५९ चा कायदा संसदेनेच बदलायचा. त्यासाठी खासदारांना वेगळं पत्र. राज्याकडे मागायची ती अंमलबजावणी. शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी, आणि सार्वजनिक शांततेसाठी तो निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकारही कलम १७ प्रमाणे त्यांनाच आहे. तेव्हा ज्यांच्यावर गुन्हे दाखल आहेत त्यांच्या परवान्यांचा आढावा घ्या, असं थेट लिहा. 'समाजात वाढती हिंसा' वगैरे प्रस्तावना नको, ती कुणी वाचत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीचा एक परिच्छेद हवाच. एका माणसाकडे तीन बंदुका चालायच्या, त्या दोनवर आल्या. पण परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली, म्हणजे नूतनीकरणाच्या निमित्ताने होणारी तपासणी लांबली. यावर आपण बोललोच नव्हतो. त्याच दुरुस्तीने लग्नात, वरातीत हवेत गोळ्या झाडल्या तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कलम २५ मध्ये आणलं. मंगल कार्यालयांच्या दारावर ही पाटी लावायला सांगा. स्वस्तातली मागणी आहे, मान्य होऊ शकते.

बैठकीत कुणीतरी म्हणेलच, "परवानावाल्यांचं काय घेऊन बसलात, खरी डोकेदुखी देशी कट्ट्याची." बरोबर आहे. म्हणून ती मागणी वेगळ्या क्रमांकाने लिहा: कट्टा सापडला की बाळगणाऱ्यावर थांबू नका, विकणाऱ्यापर्यंत तपास न्या. दोन्ही एकाच वाक्यात कोंबलं की उत्तर एकाचंच येतं, तेही सोपं असेल त्याचं.

बातम्यांची कात्रणं तारखेसकट. सह्यांसोबत पत्ता. ज्यांच्या घरातला माणूस गोळीबारात गेला, त्यांना कॅमेऱ्यापुढे ढकलायचं नाही. त्या माउलीने यायचं म्हटलं तर यावं, नाहीतर नाही.

मोर्च्याची परवानगी आधी काढा. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला पोलीस अडवतात आणि पुढे विधानभवनात शिष्टमंडळच जातं. त्यातली पाच नावं आदल्या रात्रीच ठरवा. रस्त्यावर भांडत बसलो होतो आपण, आठवतं ना? ओळखपत्रं सगळ्यांची. आणि कृपा करून 'प्रतीकात्मक' म्हणून खेळण्यातलं पिस्तूल कुणी आणू नका. बंदुकीविरुद्धच्या मोर्च्यात आपलाच कार्यकर्ता पिस्तुलापायी अर्धा तास बाजूला उभा होता.

दुसऱ्या प्रती कुणाकडे? एकाच माणसाकडे, प्लास्टिकच्या फाईलमध्ये, आणि तो माणूस घोषणा देणार नाही, फोटोत येणार नाही. त्याचं काम पोच आणणं, बस्स.

नंतरचं थोडक्यात. महिनाभर वाट पाहा, मग माहिती अधिकारात अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, त्यात आवक क्रमांक. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील. पाणी, स्वेटर, टोपी आपापली आणा, सकाळी थंडी असते आणि दुपारी ऊन लागतं.

घरी पोचलात की पोचेचा फोटो ग्रुपवर टाका. जेवण नंतर.