झटका मशीन लावली, तरी चितळं येतच होती

ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यात, आमचं शेत अगदी जंगलाला लागून. हरभरा वीतभर झाला की चितळांचा कळप एका रात्रीत शेंडे खुडून जायचा. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला, म्हणजे शेताभोवतीच्या तारांत सौर बॅटरीवरच्या झटका मशीननं झटके सोडणाऱ्या कुंपणाला, खर्चाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम मिळते. माझा पहिला अर्ज परत आला, कारण सातबारा वडिलांच्या नावावर. त्यांचं संमतीपत्र जोडलं, काम झालं.

खरी अडचण पुढेच होती. मशीन टिकटिक करायची, बॅटरी भरलेली, पण लांबच्या कोपऱ्यात तारेतला झटका मोजणारा टेस्टर जेमतेम आकडा दाखवायचा आणि हरभऱ्यात रोज खुरांचे ताजे ठसे. पहाटे तारेच्या कडेकडेनं चालत गेलो. दवानं भिजलेलं गवत खालच्या तारेला टेकलं होतं; सगळा करंट तिथूनच जमिनीत उतरत होता. गवत कापलं. अर्थिंगला, म्हणजे मशीन जमिनीशी जोडायला, एकच सळई होती, तीही कोरड्या मातीत. आणखी दोन खोल ठोकल्या, तिन्ही वायरनं जोडल्या, बुडाशी पाणी ओतलं. कोपऱ्यातला आकडा लगेच वर चढला.

एक कळकळीनं सांगतो, घरच्या लाईनचा करंट तारेत सोडू नका. झटका मशीनचा धक्का क्षणभराचा असतो, जनावर दचकून मागे फिरतं. लाईनच्या करंटनं जनावरं मरतात, माणसंही मरतात, आणि तो गुन्हा आहे.

आता दर रविवारी विळा घेऊन कुंपणाला एक फेरी मारतो.