घरच्या संगणकासाठी नवी हार्ड डिस्क घेताना

डेस्कटॉपमध्ये बहुधा साडेतीन इंची डिस्क बसते, लॅपटॉपमध्ये अडीच इंची. लॅपटॉपची जाडीही मोजा; ७ मिमीच्या जागेत ९.५ मिमीची डिस्क जात नाही.

मॉडेल क्रमांकावरून डिस्क सीएमआर (डेटा लिहिण्याचे गोल पट्टे, म्हणजे ट्रॅक, सुटे ठेवणारी) आहे ना, हे कंपनीच्या माहितीपत्रकात तपासाच. एसएमआर या दुसऱ्या प्रकारात ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे थोडा बदल करायचा तरी शेजारचे ट्रॅक पुन्हा लिहावे लागतात आणि मोठी कॉपी मध्येच रखडते. नुसत्या बॅकअपला मात्र एसएमआर डिस्क चालते, आणि स्वस्तही पडते.

‘नवी’ म्हणून वापरलेली डिस्क गळ्यात पडू शकते. जोडल्याबरोबर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘पॉवर ऑन अवर्स’, म्हणजे डिस्क किती तास चालली, ते बघा. आकडा शेकड्यांत असेल, किंवा ०५ (खराब म्हणून बदललेले भाग) आणि सी५ (खराब असल्याचा संशय असलेले भाग) या ओळींची रॉ व्हॅल्यू, म्हणजे मूळ आकडा, शून्य नसेल, तर डेटा न भरता परत करा.

२ टीबीहून मोठी डिस्क पहिल्यांदा वापरण्याआधी जीपीटी या विभागणी-पद्धतीनेच इनिशियलाइझ (वापरासाठी तयार) करा; एमबीआर या जुन्या पद्धतीमध्ये त्यापुढची जागा वापरता येत नाही.